हार घालायचा फोटो

ऐरोलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर लग्न, हळद, बारसं, पासपोर्ट असं सगळं लिहिलेलं आहे, पण गेली काही वर्षं दुकान चालतं ते पाटीवर न लिहिलेल्या कामावर. माणूस गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरातलं कोणीतरी मोबाईल घेऊन येतं आणि म्हणतं, यातला यांचा फोटो काढून द्या. मोबाईलमध्ये बहुतेक वेळा कोणाच्या तरी हळदीतला घोळका असतो. गेलेला माणूस मागच्या रांगेत, अर्धा दुसऱ्याच्या खांद्याआड, गालाला हळद, हातात ग्लास. त्याला तिथून उचलायचं, हळद पुसायची, ग्लास काढायचा, केस बसवायचे, मागे निळा पडदा द्यायचा आणि अंगात कोट घालायचा. मग फ्रेम करून द्यायची. हार ते घालतात.

कोट कशाला, हे मला विचारू नका. जन्मात ज्याने कोट घातला नाही त्यालाही भिंतीवर कोट लागतो. गावठाणातली एक म्हातारी नवऱ्याचा साध्या शर्टातला फोटो परत घेऊन आली होती. म्हणाली, "यांना कोट घाल ना रं. सगल्यांचे घरान कोटाचा फोटू हाय, आमचेच घरान नाय." घातला. माझ्या कॉम्प्युटरमध्ये दोन कोट आहेत, एक काळा आणि एक करडा. दिघ्यापासून घणसोलीपर्यंतच्या भिंतींवरचे निम्मे लोक त्या दोन कोटांतच आहेत, आणि आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

तक्रार होती ती फक्त माझ्या मुलीची. कॅमेरा धरायला ती याच दुकानात शिकली. कॉलेजात असताना माझ्याबरोबर हळदीच्या ऑर्डरी करायची, डीजेच्या भिंतीसमोर उभी राहून नाचणाऱ्यांचे फोटो काढायची, आणि माझ्यापेक्षा चांगले काढायची. पुढे ती वर्तमानपत्रात गेली, तिथून एका परदेशी वृत्तसंस्थेचं काम करू लागली, आणि आता जिथे युद्ध चालू असतं तिथे जाते. रणगाडे वगैरे ती फारसे काढत नाही. पाण्याच्या रांगा, शाळेच्या वर्गात संसार मांडून बसलेली कुटुंबं, दवाखान्याबाहेर चप्पल हातात घेऊन बसलेला बाप, असलं काढते. तिची आई ते फोटो बघत नाही. ती फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पोरगी शेवटची कधी दिसली ते बघते आणि मग भाजी फोडणीला टाकते.

तिच्या धंद्यातला नियम असा, की फोटोतली काडीसुद्धा हलवायची नाही. कोपऱ्यात कोणाचा नुसता अंगठा आलेला असला तरी तो पुसायचा नाही. पुसला आणि कळलं, तर काम तर जातंच, वर त्या माणसाने आधी काढलेल्या प्रत्येक फोटोवर लोक शंका घेतात. तिने हे मला समजावून सांगितलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या सासऱ्यांच्या गालावरची हळद पुसत होतो.

"बाबा, तुम्ही माणसाला खोटं करता," ती म्हणाली.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "हळद पुसल्याने कोणाचं काय गेलं? तुझ्या नियमाने गेलो तर यांची सून रोज सकाळी हातात ग्लास घेतलेल्या सासऱ्याला उदबत्ती ओवाळेल."

हा वाद आमच्याकडे कित्येक वर्षं जेवणाच्या ताटावर चालला. माझ्या बायकोचं म्हणणं एवढंच, की घरात दोन फोटोवाले आणि आपल्या तिघांचा एकत्र धड एक फोटो नाही.

तर अशा मुलीचा एका दुपारी दुकानात फोन आला. ती तेव्हा ज्या देशात होती त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण ज्या बाईबद्दल हे लिहितो आहे ती अजून तिथेच आहे.

"बाबा, एक काम आहे. चिडायचं नाही."

"आईला सांगायचं नाही असलं काम असेल तर मलाही सांगू नको."

"तसं नाही. तुमचंच काम आहे."

तिने सांगितलं ते असं. एका बेकरीवर बाँब पडला. आत काम करणारा पंचविशीचा एक जण त्यात गेला. त्याला बाहेर काढून मोडलेल्या दारावर झोपवलेलं असताना त्याची आई आली, आणि आपल्या डोक्यावरच्या कापडाच्या टोकाने त्याचं तोंड पुसू लागली. तो क्षण माझ्या मुलीने टिपला. तो फोटो जगभर छापून आला. काही दिवसांनी ती त्या बाईला शोधत गेली आणि एका शाळेतल्या छावणीत तिला फोटोची प्रत दिली. ज्याचा फोटो काढला त्याला प्रत द्यायचीच, ही आमच्या दुकानाची सवय तिच्या अंगात आहे. बाईने फोटो बघितला आणि परत दिला. म्हणाली, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. मला तो जिवंत असतानाचा एक दे.

आणि तसा एकही फोटो नव्हता. घर जळलं, त्यात कागदपत्रं गेली. मुलाचा मोबाईल त्याच्याच खिशात होता, त्याचाही चुरा झाला. नातेवाईक कुठे पांगले ते कोणाला ठाऊक नव्हतं. त्या मुलाचा चेहरा जगात आता एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या मुलीच्या कॅमेऱ्यात, डोळे मिटलेला आणि धुळीने माखलेला.

"मी आधी मोबाईलमधल्या अ‍ॅपवर करून बघितलं," ती म्हणाली. "त्याने गाल गुळगुळीत केले, दात पांढरे केले, हसवलं. त्याची आई म्हणाली, हा कोण?"

खरं तर मला टोमणा मारायचा होता. इतक्या वर्षांनी संधी आली होती. पण विचारलं ते वेगळंच. "आणि तुझ्या नियमाचं काय?"

"नियम आहे तिथेच आहे. हा फोटो कुठे छापायला जाणार नाही, तिच्या उशाशी राहील."

"आणि वृत्तसंस्थेला कळलं तर?"

"तर माझं काम जाईल," ती म्हणाली. "मी तिला हो म्हणून बसले आहे, बाबा."

मूळ फोटो आला. मी तो मोठा केला आणि खुर्ची मागे घेतली. मेलेल्या माणसांवर माझं पोट आहे हे खरं, पण माझ्याकडे ती जिवंतपणीच्या फोटोतून येतात, नाचताना, जेवताना, कोणाच्या तरी बारशात. असा आलेला हा पहिलाच. चेहऱ्यावर पांढरा थर होता. तो पिठाचा की सिमेंटचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कपाळाचा अर्धा भाग स्वच्छ होता, कारण तेवढा आईने पुसला होता. तिने जिथवर पुसलं होतं तिथून पुढे मी पुसायला घेतलं.

माझी एक पद्धत आहे. असं काम मी एकट्याने करत नाही. घरच्या कोणाला तरी शेजारी स्टुलावर बसवतो आणि विचारत जातो. भांग कुठे पाडायचे, मिशी केवढी, ओठ मिटलेले असायचे की दात दिसायचे. घरचे पडद्याकडे बघून सांगतात आणि मधेच रडतात. मी तोवर चहा सांगतो. या बाईला स्टुलावर कसं बसवणार? मग आम्ही व्हिडिओ कॉल लावला. तिकडे बाई शाळेच्या बाकावर. मुलीचा ड्रायव्हर बाईचं बोलणं इंग्रजीत सांगायचा आणि मुलगी ते मला मराठीत. माझी बायको डबा घेऊन आली होती, ती मला कोपराने सरकवून पडद्यासमोर येऊन बसली आणि सरळ मराठीतच बोलू लागली.

"जेवलीस का गं?"

बाईने तिच्या भाषेत काहीतरी उत्तर दिलं. ड्रायव्हरने भाषांतर केलं नाही आणि आम्हीही मागितलं नाही.

तर बाईने सांगितलं, भांग पाडतच नव्हता, केस मागे. पुढचा एक दात तुटलेला होता म्हणून हसायचा ते ओठ मिटून. हनुवटीवर भट्टीचा जुना डाग होता. मी तो धुळीबरोबर पुसून टाकला होता, तो परत आणला. काम चांगलं चाललं होतं. पण डोळे मिटलेले होते आणि एक पापणी सुजलेली.

मिटलेले डोळे उघडायचे तर ते कुठून तरी आणावे लागतात. आमच्या धंद्यात ते भावाचे घेतात. भाऊ नसला तर बहिणीचे, नाहीतर मुलाचे. घरच्यांना ते सहसा कळत नाही, उलट म्हणतात, अगदी बघतायत हो! इथे भाऊ नव्हता, बाप कधीच वारलेला. उरली आई. मी मुलीला बाजूला घेतलं, म्हणजे फोनवर जेवढं घेता येतं तेवढं, आणि म्हटलं, हिच्या डोळ्यांचा जवळून एक फोटो काढ, पण कशाला ते तिला सांग.

"नको, बाबा. डोळ्यांचं काही विचारूही नका. मी चेहऱ्याचा रंग जुळवायला म्हणून काढते. नंतर सांगेन."

काढला. डोळ्यांखालच्या सुरकुत्या मी काढल्या, भुवया जाड केल्या आणि ते डोळे मुलाच्या चेहऱ्यावर बसवले. पहिल्याच प्रयत्नात बसले. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू! हातातलं काम जमलं की होतो तसा. त्याच आनंदात मागे निळा पडदा टाकला, काळा कोट चढवला आणि पाठवून दिला. कोट मी कोणाला विचारून घातला नाही. तो हातानेच घातला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. बाईने फोटो बराच वेळ बघितला. मग कोटावर बोट ठेवलं आणि हसली. तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं, मुलगी म्हणाली. पिठातल्या माणसाला कोट! मी ओशाळलो. म्हटलं, पाच मिनिटं दे, साधा शर्ट घालून पाठवतो. तिकडून निरोप आला, राहू दे, लग्नात घातलाच असता. मग मुलीने तिथल्याच एका दुकानात मोठी प्रत काढून फ्रेम करून दिली. डोळ्यांचं मात्र सांगितलं नाही. धीर झाला नाही म्हणाली.

हे सगळं इथेच मिटलं असतं. पण त्या शाळेत आणखी एक फोटोग्राफर आला, दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेचा, आणि त्याने त्या बाईचा मांडीवर फ्रेम घेतलेला फोटो काढला. त्याचं काही चुकलं नाही. मीही काढला असता. तो फोटो छापून आला आणि लोकांनी माझ्या मुलीचा फोटो आणि ही फ्रेम शेजारी-शेजारी लावली. बाँब ज्यांनी टाकला त्यांच्या बाजूचे लोक होते ते. लाल गोल काढले. डोळे बघा, या चेहऱ्याचे नाहीत. गळ्याखालची सावली बघा, उलट्या बाजूला पडली आहे. हे दुसरं तर खरंच होतं. घाईत माझ्याकडून सावली चुकली होती, आणि इतकी वर्षं या कामात घालवून ती चूक मला जगाने लाल गोल काढून दाखवली. त्यावरून त्यांनी पुढे रचलं, की फ्रेम खोटी म्हणजे मुलगा खोटा, आई नटी, बेकरी रिकामी होती, आणि पहिला फोटोही नाटक.

मग कोट सापडला. आपल्याच भागातल्या कोणा हुशार माणसाने घणसोलीच्या नाक्यावरचा भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स मोबाईलवर टिपला आणि इंटरनेटवर टाकला. फ्लेक्सवरच्या आप्पांच्या अंगात तोच काळा कोट, तीच कॉलरची घडी. युद्धातला हुतात्मा नवी मुंबईत तयार झाला, असं खाली लिहिलं होतं. फ्लेक्स पुन्हा माझ्याच दुकानाचा. आप्पांचा पुतण्या दारात येऊन उभा राहिला.

"दादा, आमचे आप्पांचा कोट तू कोनाला दिलास?"

तो चिडला नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग ठीक हाय. आप्पांना चाललं असतं."

मला मात्र चालत नव्हतं. मला स्वतःचा राग आला होता आणि त्याहून जास्त त्या गोल काढणाऱ्यांचा. पाव भाजता भाजता एक माणूस मेला, आणि हे त्याच्या कोटाची सावली मोजत बसले होते. "आता पोरीचं काय होणार," एवढंच बायकोने दिवसभरात दोन-तीनदा विचारलं.

वृत्तसंस्थेने मुलीची मूळ फाइल तपासली. त्यात काडी हललेली नव्हती, हे त्यांनी मान्य केलं. मग विचारलं, फ्रेममधला फोटो कोणी केला? मी तिला फोनवर पढवलं. "म्हणावं, बापाने केला. तुला न विचारता केला. म्हातारा आहे, त्याला खोड आहे, असं सांग. मी तसं लिहून देतो."

"नाही, बाबा."

"अगं, यात माझं काय जातंय? दुकानाला उलट गिऱ्हाईक वाढेल."

"तुमचं काही जात नाही. पण मी यात खोटं बोलले, की तो पहिला फोटो खरा आहे हे कोणत्या तोंडाने सांगू?"

तिने खरं ते सांगितलं, की मी मागितला आणि वडिलांनी करून दिला, आणि डोळे कोणाचे तेही. त्यांनी तिचं काम थांबवलं. कायमचं की काही काळासाठी, हे अजूनही नीट सांगितलेलं नाही. वर त्यांनी कळवलं, की आम्ही जाहीर खुलासा करणार आहोत, हे चित्र मृत्यूनंतर स्मरणासाठी बनवलेलं आहे आणि त्यातले डोळे दुसऱ्या व्यक्तीचे आहेत.

म्हणजे बाईला ते परक्या कोणाकडून कळणार होतं. इतके दिवस ती ज्या डोळ्यांत बघत होती ते मुलाचे नव्हतेच, असं छावणीतलं कोणीतरी येऊन सांगणार. मुलगी म्हणाली, त्याआधी मला जाऊन सांगायला हवं. काम थांबल्यामुळे तिचं परतीचं तिकीट निघालं होतं, हातात थोडाच वेळ होता. मी लगेच दुसरा फोटो करायला बसलो. कोट काढला, साधा शर्ट दिला, निळा पडदा काढला, सावली सरळ केली. डोळे त्याचे त्याचे ठेवले, मिटलेले, नुसती पापणीची सूज उतरवली. झोपल्यासारखा दिसत होता. यात कोणाचं काही उसनं घेतलेलं नव्हतं, कोणी गोल काढू शकलं नसतं. मुलीने त्याची प्रत काढली आणि ती घेऊन शाळेत गेली. म्हणाली, निदान जुना काढून घेताना तिच्या हातात काहीतरी देता येईल.

आम्ही दोघं दुकानात शटर अर्धं ओढून कॉलवर बसलो होतो. मुलीने फोन बाकावर टेकवून ठेवला होता. तिने बाईला सगळं सांगितलं, थांबत थांबत, आणि ड्रायव्हर तिच्या मागोमाग सांगत गेला. बाई ऐकत होती. फ्रेम तिच्या मांडीवरच होती. मग ती थोडंसं बोलली. मुलीने ड्रायव्हरला दोनदा विचारलं तेव्हा त्याने ते सांगितलं आणि मुलीने ते आम्हाला सांगितलं.

"ती म्हणते, मला पहिल्याच दिवशी कळलं. त्याचे डोळे बापावर गेले होते. हे माझे आहेत."

बायको पुढे झुकली आणि तिने विचारलं, मराठीतच, "मग तेव्हाच बोलली का नाहीस गं?"

या वेळी मुलीने ते ड्रायव्हरला सांगितलं आणि त्याने बाईला. मुलीच्या हातातला नवा फोटो बाईने घेतला आणि नीट बघितला. शर्टावरून बोट फिरवलं, हनुवटीवरच्या डागावरून फिरवलं. मग तो तिने परत मुलीच्या हातात दिला आणि फ्रेम दोन्ही हातांनी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली, आम्हाला नीट दिसावी म्हणून. काळा कोट, चुकलेली सावली आणि आमच्याकडे बघणारा तिचा मुलगा. ती बोलली ते ड्रायव्हरने सांगितलं, आणि मुलीने त्याच्यानंतर.

"ती म्हणते, याचे उघडे तर आहेत."